कर्करोगकारक रसायनांची यादी आणि आपला दस्तरखान

२०१६ सालचा रमजान जून महिन्यात आला होता. शाळा नुकतीच उघडली होती, बाहेर पाऊस, वर्गात निम्मी मुले रोजेदार. सहावीचा मराठीचा तास संपत आला असताना मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला आणि त्याने विचारले, "टीचर, पाव खाल्ला की कॅन्सर होतो का?"

वर्ग हसला. तो हसला नाही. त्याच्या वडिलांची गावात बेकरी आहे. मे महिन्याच्या अखेरीस सगळ्या वर्तमानपत्रांत बातमी आली होती की ब्रेड आणि पावात कर्करोग होऊ शकेल असे रसायन सापडले. मग ती बातमी मोबाईलवरून फिरली. फिरता फिरता तिचे "पाव म्हणजे विष" असे झाले. इफ्तारला आणि सहरीला पाव-नान लागतात म्हणून बेकरीवाल्यांचे वर्षातले सर्वांत चांगले दिवस हेच. आणि याच दिवसांत त्या घरी लाद्या परत येत होत्या. मुलाने घरातले बोलणे ऐकले होते. त्याला बाकीच्या पावाचे नव्हे, आपल्या अब्बांच्या पावाचे उत्तर हवे होते.

आमच्याजवळ उत्तर नव्हते. उद्या सांगण्याचे कबूल करून आम्ही वेळ मारून नेली आणि असरनंतर सरळ बेकरीत गेलो.

चाचांनी काही लपवले नाही. मैदा, पाणी, मीठ, साखर, खमीर, थोडे तेल. भट्टीच्या बाजूला फळीवर एक जुना डबा होता. त्यात पांढरी पूड.

"हे काय?"

"इम्प्रूव्हर, टीचर. मैदा हलका आला तरी पाव फुलतो. लादी उठते."

"यात काय काय असतं?"

"ते नाही माहीत. मालवाला देतो. पोत्याला इतकं टाका म्हणतो, कारागीर टाकतो."

पूड ज्या पिशवीतून आली होती ती पिशवीही त्यांनी शोधून दाखवली. साधी प्लास्टिकची, वर नाव नाही, गाव नाही, घटक नाहीत. तोंडाला गाठ मारलेली. त्या पुडीत पोटॅशियम ब्रोमेट होते की नव्हते हे आम्ही आजही सांगू शकत नाही. चाचाही सांगू शकत नव्हते. त्या दिवशी आम्हाला भीती वाटली ती याची.

पोटॅशियम ब्रोमेट पिठात कशासाठी घालतात हे आधी समजून घेऊ. गव्हाच्या पिठात एक चिकट प्रथिन असते, त्याला ग्लुटेन म्हणतात. खमिराने जो वायू तयार होतो तो या चिकट जाळ्यात अडकतो आणि पाव फुलतो. नवीन दळलेल्या मैद्यात हे जाळे कमजोर असते. पूर्वी मैदा काही आठवडे मुरू देत, हवेने तो आपोआप सुधारे. इतका वेळ कोणाला परवडतो? विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून परदेशातल्या बेकऱ्यांनी हे काम ब्रोमेटकडून करून घ्यायला सुरुवात केली. अगदी चिमूटभर लागते, स्वस्त आहे, आणि पाव उंच, पांढरा, मऊ निघतो. हिशेब असा होता की भट्टीच्या उष्णतेत ब्रोमेटचे ब्रोमाइड होते आणि त्या प्रमाणातले ब्रोमाइड फारसे अपायकारक नसते. पण पूड थोडी जास्त पडली, आच कमी राहिली किंवा लादी लवकर बाहेर काढली, तर काही ब्रोमेट तसेच पावात राहते. म्हणजे सगळा भरवसा कारागिराच्या चमच्यावर आणि भट्टीच्या आचेवर.

१९८०च्या दशकाच्या सुरुवातीला जपानी संशोधकांनी उंदरांना पाण्यातून ब्रोमेट दिले, तेव्हा त्यांच्या मूत्रपिंडात गाठी झाल्या. पुढे थायरॉइडमध्येही झाल्या. १९८६ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने, म्हणजे आयएआरसीने, ब्रोमेट आपल्या यादीत घेतले. १९९० साली ब्रिटनने ते पावातून हद्दपार केले. १९९२ साली जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटनेच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने सांगितले की पिठात हे वापरणे योग्य नाही. १९९४ साली कॅनडा. २००१ साली आपला शेजारी श्रीलंका. २००५ साली चीन.

आपल्याकडे मात्र २०११च्या अन्न नियमांतही ब्रोमेटला परवानगी होती. पावात दहा लाख भागांत ५० भागांपर्यंत, बेकरीच्या मैद्यात २० भागांपर्यंत. २०१६च्या मे महिन्यात दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेने तिथल्या बाजारातून ब्रेड, पाव, बन, पिझ्झाचा ब्रेड असे ३८ नमुने घेतले. त्यांतल्या ८४ टक्के नमुन्यांत पोटॅशियम ब्रोमेट किंवा पोटॅशियम आयोडेट किंवा दोन्ही सापडले. बातमी देताना जी गोष्ट बहुतेकांनी गाळली ती अशी की सापडलेले प्रमाण कायद्याच्या मर्यादेच्या आतच होते. बेकरीवाल्यांनी कायदा मोडलेला नव्हता. कायदाच पंचवीस वर्षे मागे राहिला होता. लोकांनी लाद्या परत केल्या त्या पाववाल्याला.

बातमीनंतर मात्र गोष्टी भराभर हलल्या. ब्रेड उत्पादकांच्या अखिल भारतीय संघटनेने स्वतःहून वापर थांबवण्याचे जाहीर केले आणि जून २०१६ मध्ये, त्याच रमजानात, अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने पोटॅशियम ब्रोमेट परवानगीच्या यादीतून काढून टाकले.

आता त्या यादीविषयी. "यादीत आले" या दोन शब्दांनी घराघरात जो गोंधळ होतो तो आम्ही शिक्षक म्हणून फार पाहतो.

आयएआरसी ही जागतिक आरोग्य संघटनेची संस्था १९६५ साली स्थापन झाली. ती फ्रान्समधल्या ल्यों शहरात आहे. १९७१ पासून ती एकेक पदार्थ तपासते आणि गटांत टाकते. पहिला गट म्हणजे माणसात कर्करोग होतो याचा पुरेसा पुरावा आहे. २अ म्हणजे बहुधा होत असावा. २ब म्हणजे होऊ शकेल, पुरावा तोकडा आहे. तिसरा गट म्हणजे काहीच ठरवता येत नाही. आतापर्यंत हजाराहून जास्त गोष्टी तपासून झाल्या आणि पहिल्या गटात सव्वाशेहून थोड्या अधिक आहेत. पोटॅशियम ब्रोमेट २बमध्ये आहे. तिथेच कोरफडीच्या संपूर्ण पानाचा अर्कही आहे.

हे वाचून कोणी म्हणेल, मग ब्रोमेट आणि कोरफड सारखीच धोकादायक का? नाही. गट सांगतो तो पुरावा किती पक्का आहे ते. पदार्थ किती घातक, किती खाल्ला तर घातक, हे गट सांगत नाही. आम्ही मुलांना अंगणातल्या विहिरीचे उदाहरण देतो. विहिरीत माणूस बुडू शकतो ही गोष्ट पक्की आहे, ती पहिल्या गटात घाला. पण तुमच्या घरातले मूल बुडेल का, हे कठडा किती उंच आहे, झाकण आहे का, मूल तिकडे किती वेळा जाते यावर ठरते. पहिली गोष्ट आयएआरसी सांगते. दुसरी गोष्ट ठरवायची ती प्रत्येक देशाच्या सरकारने. आयएआरसीला कशावरही बंदी घालता येत नाही.

२०२३च्या जुलैमध्ये याचे चांगले उदाहरण घडले. साखरेऐवजी वापरले जाणारे ॲस्पार्टेम आयएआरसीने २बमध्ये टाकले. त्याच वेळी ती संयुक्त तज्ज्ञ समिती म्हणाली की वजनाच्या दर किलोमागे रोज ४० मिलिग्रॅमपर्यंत घ्यायला हरकत नाही, जुनी मर्यादा कायम. दोन्ही बाजू जागतिक आरोग्य संघटनेशी जोडलेल्या. मधुमेह असलेल्या आमच्या एका नातलग बाईंनी पहिली बातमी वाचून साखरेच्या गोळ्यांची डबी फेकली आणि चहात दोन चमचे खरी साखर घालायला सुरुवात केली. त्यांना काय म्हणावे?

पण पुरावा येतो कुठून, हाही प्रश्न वर्गात येतोच. काही उंदरांकडून, आणि काही, सांगायला वाईट वाटते, कामगारांकडून. १८९५ साली जर्मनीतल्या फ्रँकफर्टचे शल्यचिकित्सक लुडविग रेन यांनी रंगाच्या कारखान्यात काम करणाऱ्या तीन मजुरांना मूत्राशयाचा कर्करोग झाल्याचे दाखवून दिले. पुढे त्यातून बेंझिडीनसारखी रसायने पकडली गेली. बेंझिडीन आज पहिल्या गटात आहे. आपल्याकडे बेंझिडीनपासून बनणाऱ्या ४२ रंगांवर १९९३ साली आणि आणखी ७० ॲझो रंगांवर १९९७ साली बंदी आली. मधल्या काळात जर्मनीने अशा रंगांचे कापड घेणार नाही असे ठरवले होते. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी इथल्या ज्या घरांचे पोट कापडावर आहे त्यांना हे माहीत असावे म्हणून सांगितले. रंगाच्या हौदात हात घालणाऱ्या माणसापर्यंत रसायन सर्वांत आधी पोहोचते आणि त्याच्या नावाची चिठ्ठी सर्वांत शेवटी.

पुन्हा खाण्याकडे येऊ. आपल्या घरांत पाकिटे वाचायची सवय इतरांपेक्षा जास्त आहे. बिस्किटाचा पुडा उलटा करून ४७१ कुठून आले, १२० म्हणजे किड्यापासूनचा लाल रंग तर नाही, जिलेटिन कसले, हे आपल्या मुलीसुद्धा दुकानात उभ्या उभ्या बघतात. हलालसाठी ही मेहनत आपण करतोच. त्याच आकड्यांत कर्करोगाच्या चर्चेतले आकडेही असतात, फक्त आपली नजर तिथे थांबत नाही. पोटॅशियम ब्रोमेटचा आकडा ९२४अ. आता तो भारतातल्या कुठल्याही पाकिटावर दिसता कामा नये.

रंगांचे तसेच. इथे आपला कायदा, आमच्या मते, बऱ्यापैकी शहाणा आहे. तो वाईट रंगांची यादी करत बसत नाही. परवानगी असलेल्यांची यादी करतो. खाण्यासाठी फक्त आठ कृत्रिम रंग मान्य आहेत : १०२, ११०, १२२, १२४, १२७, १३२, १३३ आणि १४३. कुठल्या पदार्थात आणि किती, तेही लिहिलेले आहे. या आठांत जे नाही ते आपोआप बेकायदा. २०२४च्या फेब्रुवारीत पुदुच्चेरी आणि तामिळनाडूने म्हातारीचे केस, म्हणजे जत्रेतला तो गुलाबी कापूस, बंद केला, कारण त्यात रोडामाइन बी सापडले. हा कापड आणि कागद रंगवायचा रंग. गंमत अशी की आयएआरसीच्या यादीत रोडामाइन बी तिसऱ्या गटात आहे, म्हणजे काही ठरवता येत नाही. तरीही तो खाण्यात गुन्हा आहे, कारण तो आठांत नाही. "आधी कर्करोग सिद्ध करा मग बंदी घालू" असे म्हणायची इथे गरजच पडत नाही. हळद, बेसनाची मिठाई आणि पिवळ्या भातात मिळणाऱ्या मेटॅनिल यलोचेही तेच. लग्नाच्या जर्द्यासाठी किराणा दुकानातून जी केशरी रंगाची कागदी पुडी येते, तिच्यावर वरच्या आठांपैकी कुठलाही आकडा छापलेला आहे का, हे एकदा बघावे.

अमेरिकेची गोष्टही थोडक्यात सांगतो, कारण आपल्यातल्या पुष्कळांना वाटते की तिकडे सगळे कडक असते. १९५८ साली तिथल्या कायद्यात जेम्स डिलेनी या लोकप्रतिनिधीच्या आग्रहाने एक कलम आले : माणसात किंवा कुठल्याही प्राण्यात कर्करोग करणारा पदार्थ खाण्यात मिसळायचा नाही, प्रमाण कितीही असो. याच कलमाखाली जानेवारी २०२५ मध्ये तिथे एरिथ्रोसिन या लाल रंगावर बंदी आली, आणि कंपन्यांना जानेवारी २०२७ पर्यंत मुदत मिळाली. नर उंदरांत थायरॉइडच्या गाठी दिसल्या होत्या. माणसात ती प्रक्रिया तशी घडत नाही असे त्यांच्याच अन्न व औषध प्रशासनाने म्हटले, पण कलमापुढे इलाज नव्हता. तोच एरिथ्रोसिन आपल्याकडे १२७ या आकड्याने मान्य आहे. केकवरच्या लाल चेरीत तो अनेकदा असतो. आणि ज्या ब्रोमेटवर आपण बंदी घातली ते अमेरिकेत देशपातळीवर अजूनही चालते, कारण त्याला १९५८च्या आधीच मान्यता मिळाली होती आणि जुन्या मान्यतांना ते कलम लागू झाले नाही! १९९१ पासून प्रशासन बेकऱ्यांना विनंती करते आहे, वापरू नका. कॅलिफोर्निया राज्याने मात्र २०२३ साली वेगळा कायदा करून ते २०२७ पासून बंद ठरवले.

कॅलिफोर्नियाने आणखी एक गोष्ट केली आहे. १९८६च्या त्यांच्या कायद्याप्रमाणे कर्करोगकारक किंवा प्रजननाला अपायकारक रसायनांची एक सरकारी यादी ठेवली जाते. ती आता नऊशेच्या आसपास गेली आहे, आणि त्यांतले काही ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त असेल तर विकणाऱ्याला तशी सूचना लावावी लागते. नातलगांनी तिकडून आणलेल्या पर्सवर, दिव्यावर, चार्जरवर ती बारीक अक्षरांतली चिठ्ठी काही वाचकांनी पाहिली असेल. झाले असे की गॅरेजपासून हॉटेलपर्यंत सगळीकडे सूचना लागल्या आणि लोकांनी वाचायचे सोडले. २०१८ साली कॉफीवरही सूचना लावा असा निकाल एका न्यायाधीशांनी दिला, कारण बिया भाजताना ॲक्रिलामाइड तयार होते. शेवटी २०१९ साली राज्यालाच कॉफी वगळण्याचा नियम करावा लागला. आपल्या मोबाईलवर रोज येणाऱ्या "हे खाऊ नका, कॅन्सर होतो" या संदेशांनीही हेच केले आहे. इतकी ओरड की खरी हाक ऐकू येत नाही.

खरी हाक कोणती, तर आमच्या मते सुपारीची.

आमच्या अम्मींच्या घरी पितळेचे पानदान होते. आलेल्या पाहुण्याला पान दिल्याशिवाय उठू देत नसत. मामू त्या पानदानाचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक. पुढे पानाची सवय सुटली आणि खिशात सुपारीच्या पुड्या आल्या. तंबाखू मात्र त्यांनी कधी खाल्ली नाही आणि याचा त्यांना अभिमान होता. "मी जर्दा खात नाही, फक्त सुपारी," असे डॉक्टरांनाही त्यांनी छाती काढून सांगितले. फारसीत जर्द म्हणजे पिवळा. आपल्याकडे जर्दा म्हणजे लग्नातला गोड भातही आणि डबीतली तंबाखूही. मामूंनी भाताचा जर्दाही पुढे सोडला, कारण तोंड उघडेना. आधी तिखट लागेनासे झाले, मग दोन बोटे जातील एवढेच तोंड उघडे, मग गालाच्या आत जखम. परळच्या इस्पितळात आठ महिने गेले. वयाच्या बावन्नाव्या वर्षी ते गेले.

यादीकडे बघा. १९८५ साली आयएआरसीने तंबाखूसह पान पहिल्या गटात टाकले. तंबाखूशिवायच्या पानाबद्दल मात्र तेव्हा पुरेसा पुरावा नाही असे म्हटले. मामूंचा समज काही निव्वळ अडाणीपणाचा नव्हता. त्या वेळी शास्त्रही तिथेच उभे होते. मग पुरावा जमत गेला, आणि २००४च्या ग्रंथात तंबाखूशिवायचे पान आणि नुसती सुपारीसुद्धा पहिल्या गटात आली. म्हणजे ब्रोमेटच्या खूप वर. ज्या गटात विडी-सिगारेट आणि ॲस्बेस्टॉस, त्या गटात.

आणि कायदा? महाराष्ट्राने जुलै २०१२ मध्ये गुटखा आणि पानमसाल्यावर बंदी घातली. नंतर सुगंधित तंबाखू आणि सुगंधित सुपारीही त्यात आली. अन्न सुरक्षा कायद्याखाली आयुक्तांना अशी बंदी एका वर्षापुरतीच घालता येते, म्हणून दर वर्षी नवा आदेश काढावा लागतो. तो निघतो, आणि पानटपरीवर माल मिळतच राहतो, हे सांगायला आमची गरज नाही. साधी सुपारी मात्र कुठल्याच आदेशात नाही. ती विकणे गुन्हा नाही, तिच्या लाखो बागायतदारांची घरे तिच्यावर चालतात, ती शुभ मानली जाते, आणि सुट्या सुपारीवर आकडा छापलेला नसतो. आपल्या लग्नांत जेवणानंतर तबकात बडीशेपेबरोबर ती फिरते. मुले मूठ भरून घेतात. त्याच लग्नात कोणी तरी हमखास म्हणत असते की हल्ली पाव खायला नको बाई, त्यात कॅन्सरचे केमिकल असते.

आम्ही पाववाल्याची बाजू घेतो आहोत असे वाटेल. थोडी घेतोही. पण आमचे म्हणणे वेगळे आहे. सरकारी यादी बंद पाकिटापर्यंत पोहोचते. घटक छापावे लागतात, आकडे द्यावे लागतात, कंपनीला नाव-पत्ता असतो, पकडता येते. आपल्या स्वयंपाकघरात जे सुटे येते, लादीचा पाव, कागदी पुडीतला रंग, गोणीतली हळद, सुपारी, तिथे ती यादी दारातच थांबते. २०१६ची बंदी चाचांच्या डब्यापर्यंत स्वतःच्या पायांनी चालत येणार नव्हती. कोणी तरी विचारावे लागणार होते.

विचारण्याचा हक्क कायद्यात आहे, तो फार थोड्यांना माहीत असतो. २००६च्या अन्न सुरक्षा कायद्याच्या ४०व्या कलमाप्रमाणे साधा गिऱ्हाईकसुद्धा विकत घेतलेला पदार्थ फी भरून अन्न विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो. एक अट आहे : विकत घेतानाच दुकानदाराला सांगायचे की हे मी तपासायला देणार आहे. अहवालात दोष निघाला तर फी परत मिळते. मोहल्ल्यातल्या पाच घरांनी मिळून हळदीचा किंवा रंगाचा एक नमुना दिला तर खर्च फार पडत नाही. अन्न व औषध प्रशासनाचे कार्यालय प्रत्येक जिल्ह्यात असते. आणि बेकरीत तर तपासणीचीही गरज नाही, एवढेच विचारायचे : इम्प्रूव्हर कुठला, पाकीट दाखवा. मैद्याचे पोते दाखवा. ज्याच्याकडे पाकीट आहे तो दाखवतो.

आम्ही दुसऱ्या दिवशी वर्गात त्या मुलाला काय सांगितले? सांगितले की पावाने कर्करोग होत नाही. पावात घातली जाणारी एक पूड उंदरांत वाईट ठरली आहे, ती न घालताही पाव होतो, आणि तुझे अब्बा ती आहे का नाही हे शोधणार आहेत. मुलगा खाली बसला. पटले की नाही कळले नाही.

चाचांनी तो डबा खरेच ओतून टाकला. पहिले काही दिवस लादी बसकी निघाली. गिऱ्हाइके म्हणाली, पाव लहान केला, भाव तोच. मग शहरातल्या एका ओळखीच्या बेकरीवाल्याने त्यांना क जीवनसत्त्वाचे, म्हणजे एस्कॉर्बिक ॲसिडचे इम्प्रूव्हर सांगितले. ते थोडे महाग पडते आणि पीठ जास्त वेळ मुरवावे लागते, म्हणून कारागिरांना पहाटे एक तास आधी उठावे लागते. कारागिरांनी कुरकुर केली, एक जण सोडूनही गेला.

तो मुलगा आता बेकरीत बसतो. मागच्या महिन्यात आम्ही टोस्ट घ्यायला गेलो तेव्हा त्याने आतून दोन पाकिटे आणून गल्ल्यावर ठेवली. "टीचर, बघा ना." पहिल्यावर बारीक इंग्रजी अक्षरांत घटक होते, त्यांत ३०० हा आकडा. ते एस्कॉर्बिक ॲसिड, ठीक आहे म्हणून सांगितले. दुसऱ्यात पिवळी पूड होती, केकसाठी. ती उलटसुलट करून पाहिली, कुठेच काही छापलेले नव्हते. त्याने ती घेतली, गल्ल्याखाली वेगळी ठेवली आणि मालवाल्याला फोन लावला.